भय, हास्य आणि सूचना : विमानातील सुरक्षा-निवेदनांतील विनोदाचा एक समीक्षात्मक अभ्यास

सारांश

उड्डाणापूर्वी प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सुरक्षा-सूचना हा आधुनिक जीवनातील एक सर्वपरिचित, परंतु समीक्षेच्या दृष्टीने उपेक्षित असा संहिताप्रकार आहे. प्रवाशांच्या मनातील भीती कमी व्हावी आणि त्यांचे लक्ष वेधले जावे या दुहेरी हेतूने गेल्या काही दशकांत या संहितेत विनोदाचा वापर होऊ लागला. प्रस्तुत लेखात अशा विनोदाची चिकित्सा भारतीय रसविचार आणि पाश्चात्त्य हास्यमीमांसा यांच्या आधारे केली आहे. सूचनेच्या पोटातून येणारा ‘अंगभूत विनोद’ आणि सूचनेवर बाहेरून लादलेला ‘आगंतुक विनोद’ असा भेद करून, पहिला भय हलके करतानाच अर्थ पोहोचवतो, तर दुसरा भय हलके करता करता अर्थही हलका करतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हास्यरस, भयानकरस, रसविरोध, औचित्य, सुरक्षा-निवेदन, अंगभूत विनोद, आगंतुक विनोद.

१. प्रस्तावना

विनोद हा साहित्याचा विषय मानला जातो, त्यामुळे विनोदाची समीक्षाही प्रामुख्याने नाटक, कथा, लेख आणि काव्य यांच्यापुरती मर्यादित राहिली आहे. मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विनोदी लेखनाचा पाया घातला आणि न. चिं. केळकरांनी हास्यविनोदाची शास्त्रीय मीमांसा केली. ही परंपरा समृद्ध असली तरी व्यवहारातील, विशेषतः संस्थात्मक व्यवहारातील विनोदाकडे तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. कारखान्यातील, रेल्वे स्थानकावरील किंवा विमानातील सूचना या ‘साहित्य’ नव्हेत हे खरे. तथापि त्यांनाही वक्ता आहे, श्रोता आहे, ठरलेली संहिता आहे, प्रयोग आहे आणि अपेक्षित परिणामही आहे. एवढी सामग्री असलेली कोणतीही रचना समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

या रचनेच्या यशापयशाचा संबंध केवळ अभिरुचीशी नाही, ही तर अधिकच महत्त्वाची बाब आहे. एखादे विनोदी नाटक फसले तर प्रेक्षकाची संध्याकाळ वाया जाते. सुरक्षा-निवेदन फसले तर काय होते, याचे उत्तर २३ नोव्हेंबर १९९६ रोजी कोमोरोस बेटांजवळच्या समुद्रात मिळाले. अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान इंधन संपल्याने पाण्यावर उतरवावे लागले. विमानात १७५ जण होते, त्यांपैकी १२५ जण मृत्यू पावले. अनेक प्रवाशांनी लाइफ जॅकेट विमानातच फुगवले होते. पाणी आत शिरल्यावर ते छताकडे तरंगत गेले आणि त्यांना दरवाज्यापर्यंत पोहोचता आले नाही. ‘जॅकेट विमानाबाहेर पडतानाच फुगवावे’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात असते. ते ऐकले जाते का, आणि ऐकले तरी उमगते का, हा प्रश्न विनोदाच्या चर्चेत केंद्रस्थानी ठेवावा लागतो.

२. हास्य आणि भय : सैद्धान्तिक भूमिका

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्य आणि भयानक हे दोन स्वतंत्र रस मानले. हास्याचा स्थायीभाव हास, तर भयानकाचा भय. हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींमध्ये दोन-दोन असे विभागले. उत्तरकालीन साहित्यशास्त्राने रसांच्या परस्परविरोधाचाही विचार केला. विश्वनाथाने साहित्यदर्पणात हास्याचा विरोध भयानक आणि करुण यांच्याशी असल्याचे सांगितले आहे. याचा अर्थ असा की जेथे भय आहे तेथे हास्य आणणे हे शास्त्रदृष्ट्या मुळातच जोखमीचे आहे. दोहोंपैकी एकाचा परिपोष झाला की दुसऱ्याचा भंग होतो.

सुरक्षा-निवेदनात विनोद आणणारा व्यवस्थापक नकळत याच रसविरोधाचा उपयोग करून घेत असतो. भयाचा भंग व्हावा हीच त्याची इच्छा असते. परंतु येथे एक पेच आहे. भयाचा संपूर्ण भंग झाला तर सूचना ऐकण्याचे प्रयोजनच उरत नाही. धोका आहे हे मान्य केल्याशिवाय धोक्यापासून बचावाचा उपाय कोण शिकेल? म्हणून येथे भय घालवायचे नसून ते सोसता येईल इतके करायचे आहे.

या पेचातून वाटही आपल्या साहित्यशास्त्रानेच दाखविली आहे. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात विरोधी रस एकत्र आणण्याच्या युक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील प्रमुख युक्ती म्हणजे एका रसाला अंगी, म्हणजे प्रधान, ठेवून दुसऱ्याला त्याचे अंग बनविणे. अंग म्हणून आलेला विरोधी रस प्रधान रसाला बाधक होत नाही, उलट पोषक ठरू शकतो. प्रस्तुत लेखातील ‘अंगभूत’ आणि ‘आगंतुक’ हा भेद याच विचारावर आधारलेला आहे.

पाश्चात्त्य विचारात हर्बर्ट स्पेन्सरने १८६० मध्ये हास्य म्हणजे साचलेल्या मज्जाशक्तीचा निचरा होय, अशी शरीरशास्त्रीय उपपत्ती मांडली. फ्रॉइडने १९०५ मधील विनोदावरील ग्रंथात तिला मानसशास्त्रीय रूप दिले. पुढे १९२७ मधील ‘विनोद’ या निबंधात त्याने सोमवारी फाशीकडे नेल्या जाणाऱ्या कैद्याचे उदाहरण घेतले. आठवड्याची सुरुवात तर बरी झाली, असे तो कैदी म्हणतो. मृत्यूसमोर अहंभावाने शरण जाण्याचे नाकारणे, हे फ्रॉइडच्या मते या विनोदाचे मर्म आहे. मात्र या उदाहरणातील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कैद्याला आता काहीही करायचे उरलेले नाही. विमानातील प्रवाशाला मात्र करण्यासारखे बरेच काही असते. कैद्याचा विनोद निरुपायातून येतो, तर निवेदनातील विनोदाने प्रवाशाला उपायाकडे न्यावयाचे असते.

संज्ञापन-शास्त्रातही याला दुजोरा मिळतो. किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार भयसूचक संदेशाचा परिणाम दोन गोष्टींवर ठरतो : धोका किती मोठा वाटतो आणि आपल्या हातून उपाय होईल असा विश्वास किती वाटतो. धोका मोठा पण विश्वास कमी असेल, तर माणूस धोक्याऐवजी भीतीचाच बंदोबस्त करतो. तो मान फिरवतो, वर्तमानपत्र उघडतो, डोळे मिटतो. निवेदनाकडे न पाहणारा प्रवासी नेहमी कंटाळलेलाच असतो असे नाही. कित्येकदा तो घाबरलेला असतो. विनोदाचे खरे कार्यक्षेत्र येथे आहे.

३. निवेदनाच्या मूळ संहितेतील उणीव

विनोदाचा विचार करण्यापूर्वी मूळ गंभीर संहिता पाहणे आवश्यक आहे. सीट बेल्ट, ऑक्सिजन मास्क, लाइफ जॅकेट, आपत्कालीन दरवाजे आणि सामान यांविषयीच्या सूचना आज्ञार्थी वाक्यांत एकामागून एक येतात. या संहितेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात ‘काय करावे’ असते, ‘का करावे’ मात्र क्वचितच असते.

‘आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाला मदत करा’ ही सूचना घेऊ. कोणत्याही आईच्या सहजप्रवृत्तीविरुद्ध जाणारी ही आज्ञा आहे. तिचे कारण साधे आहे : सुमारे ३५ हजार फूट उंचीवर केबिनमधील हवेचा दाब गेला तर माणसाची कार्यक्षम शुद्ध अवघी अर्धा ते एक मिनिट टिकते. मुलाचा मास्क लावता लावता आईच बेशुद्ध झाली तर दोघेही धोक्यात येतात. हे कारण एका वाक्यात सांगता येते, पण सहसा ते सांगितले जात नाही. कारणाविना आलेली आज्ञा भयाची जाणीव देते, समज देत नाही.

१५ जानेवारी २००९ रोजी यूएस एअरवेजचे विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरले आणि सर्व १५५ जण वाचले. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालानुसार सुमारे ७० टक्के प्रवाशांनी उड्डाणपूर्व प्रात्यक्षिक अजिबात पाहिले नव्हते आणि बहुसंख्य प्रवासी लाइफ जॅकेट न घेताच बाहेर पडले होते. गंभीर संहिता ऐकली जात नाही ही तक्रार म्हणूनच निराधार नाही. विनोदाचा शिरकाव झाला तो या पोकळीत.

४. मौखिक विनोद : हवाई सेविकेचा प्रयोग

विनोदी निवेदनाची परंपरा सर्वाधिक रुजली ती अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्समध्ये. १९७१ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या विनोदबुद्धीला कार्यसंस्कृतीचा भाग मानले. येथील निवेदने छापील विनोदांची नसून मौखिक परंपरेतील आहेत. एक सेविका दुसरीकडून विनोद उचलते, त्यात भर घालते, समोरचे प्रवासी पाहून बदल करते. कर्ता अज्ञात असणे, पाठभेद असणे आणि प्रत्येक प्रयोगागणिक रूप बदलणे ही लोकवाङ्मयाची सर्व लक्षणे या निवेदनांत आढळतात.

या परंपरेतील एक सर्वश्रुत विनोद विश्लेषणासाठी घेता येईल. आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाला मदत करा, असे सांगून झाल्यावर सेविका पुढे म्हणते की बरोबर एकापेक्षा अधिक मुले असतील तर पुढे अधिक कर्तबगार निघेल असे वाटणाऱ्या मुलापासून सुरुवात करावी. प्रवासी हसतात. का हसतात? पालकाच्या मनात खोलवर असलेली, उच्चारता न येणारी भीती, म्हणजे दोघांपैकी कोणाला आधी वाचवू ही भीती, येथे उच्चारली जाते आणि त्याच क्षणी हास्यास्पद रूपात तिचा निचराही होतो. फ्रॉइडच्या उपपत्तीचे इतके नेमके उदाहरण दुर्मीळ आहे.

तथापि त्याहून महत्त्वाची गोष्ट या विनोदाच्या रचनेत आहे. हा विनोद सूचनेशिवाय उभा राहू शकत नाही. ‘आधी मी, मग एक मूल, मग दुसरे’ हा क्रम श्रोत्याच्या मनात स्पष्ट असल्याविना हसूच येणार नाही. घरी जाऊन तो हा विनोद दुसऱ्याला सांगेल तेव्हा त्याला सूचनाही सांगावीच लागेल. विनोद सूचनेचा वाहक झाला आहे. हाच अंगभूत विनोद होय.

याउलट त्याच परंपरेत विमानाच्या जुनेपणावर, वैमानिकाच्या कौशल्यावर, सासूवर किंवा कंपनीच्या खाद्यपदार्थांवर केलेले विनोदही येतात. त्यांनी वातावरण सैल होते, परंतु त्यांचा सूचनेशी संबंध नसतो. वैमानिकाच्या कौशल्यावरील विनोद तर मूळ हेतूच्या विरुद्ध जातो, कारण घाबरलेल्या प्रवाशाचा उरलासुरला विश्वास ज्याच्यावर आहे त्यालाच तो हास्यविषय करतो.

मौखिक प्रयोगाचा आणखी एक गुण नोंदवला पाहिजे. जिवंत निवेदक श्रोत्यांचे हसणे ओसरण्याची वाट पाहू शकतो. भरतांनी सांगितलेल्या भेदांच्या भाषेत बोलायचे तर निवेदनास स्मित आणि हसित एवढेच पुरेसे आहे. अतिहसित उसळले की पुढचे वाक्य त्यात बुडते, आणि ते पुढचे वाक्य नेमके आपत्कालीन दरवाज्याविषयीचे असू शकते. कुशल सेविका हे थांबणे जाणते. चित्रफितीला ते जमत नाही.

५. चित्रफितीतील विनोद : अंगी कोण, अंग कोण?

गेल्या दोन दशकांत निवेदनाची जागा मोठ्या प्रमाणावर चित्रफितींनी घेतली. व्हर्जिन अमेरिका या, २०१८ मध्ये अलास्का एअरलाइन्समध्ये विलीन झालेल्या, कंपनीची २००७ ची चलच्चित्रफीत या प्रवाहातील आरंभीची महत्त्वाची कृती. तिच्यात शांत, किंचित कंटाळलेल्या आवाजात सूचना येतात आणि पडद्यावर विचित्र सहप्रवासी दिसतात. गंभीर वाक्य आणि विक्षिप्त दृश्य यांच्या विसंगतीतून हास्य निर्माण होते. शब्द जागेवर राहतात, विनोद दृश्यात राहतो. ही योजना संयमित आहे. २०१३ मध्ये याच कंपनीने जॉन चू यांच्या दिग्दर्शनाखाली गीतनृत्यमय चित्रफीत केली, तेव्हा मात्र सूचना गाण्याच्या ओघात वाहून जाऊ लागली.

एअर न्यूझीलंडच्या चित्रफितींत हा प्रवास अधिक स्पष्ट दिसतो. २००९ च्या चित्रफितीत कर्मचाऱ्यांच्या अंगावर गणवेश रंगविलेला होता. पाहणाऱ्याला ते लक्षात यायला थोडा वेळ लागे आणि म्हणून तो पडद्यावरून नजर हलवीत नसे. लक्ष वेधण्याचा हेतू साध्य झाला, परंतु लक्ष कशाकडे वेधले गेले हा प्रश्न उरतोच. २०१२ आणि २०१४ मध्ये ‘हॉबिट’ चित्रपटांच्या विश्वावर बेतलेल्या चित्रफिती आल्या. २०१४ च्या चित्रफितीचे दिग्दर्शन तैका वैटिटी यांनी केले होते. महाजालावर त्या लाखो लोकांनी, विमानात पाऊलही न ठेवता, पाहिल्या. येथे प्रेक्षकच बदलला. चित्रफीत आता आसनावर बसलेल्या प्रवाशासाठी नसून संभाव्य पर्यटकासाठी आहे. सूचना हे निमित्त झाले, जाहिरात हे प्रयोजन झाले. आनंदवर्धनाच्या परिभाषेत अंग आणि अंगी यांची अदलाबदल झाली. कंपनीच्या २०१७ मधील चित्रफितीबाबत न्यूझीलंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणानेही ती सुरक्षेच्या संदेशापासून काही ठिकाणी दूर जाते असा आक्षेप कळविला होता.

ब्रिटिश एअरवेजची २०१७ ची चित्रफीत वेगळ्या रचनेमुळे उल्लेखनीय आहे. धर्मादाय निधीसाठी केलेल्या या चित्रफितीत आसिम चौधरी यांनी साकारलेला एक बढाईखोर दिग्दर्शक नामवंत कलावंतांची निवडचाचणी घेतो. म्हणजे सुरक्षा-निवेदन कसे सादर करावे हाच येथे विनोदाचा विषय आहे. निवेदनाच्या ठरीव शैलीची ही विडंबनात्मक समीक्षाच म्हणावी लागेल. पण चौकटीत चौकट आल्यामुळे पाहणाऱ्याला आधी ओळखीचे चेहरे, मग त्यांची चेष्टा आणि मग उरलेल्या लक्षात सूचना अशा क्रमाने आस्वाद घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ब्रेट मोल्सवर्थ यांनी २०१४ च्या सुमारास अशा चित्रफितींचा प्रायोगिक अभ्यास केला. विनोदामुळे प्रेक्षकाची मनःस्थिती सुधारते, मात्र त्या प्रमाणात सूचनांचे स्मरण वाढतेच असे नाही, असे त्यातून पुढे आले. प्रस्तुत लेखातील भेद लावला तर या निष्कर्षाची संगती लागते. मनःस्थिती सुधारण्याचे काम कोणताही विनोद करील, स्मरणाचे काम मात्र अंगभूत विनोदच करू शकेल.

वाहतुकीच्या अन्य क्षेत्रांतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. मेलबर्नच्या मेट्रो रेल्वेने २०१२ मध्ये मरणाचे मूर्ख मार्ग सांगणारे एक गोड चालीचे चलच्चित्रगीत प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात त्याला पाच सर्वोच्च पुरस्कार मिळाले. त्या गाण्यातील मृत्यूच्या लांबलचक यादीत रेल्वेशी संबंधित असे प्रसंग केवळ शेवटचे तीन आहेत. चाल जगभर पोहोचली, रूळ मात्र शेवटच्या कडव्यापुरते उरले.

६. हसणारा कोण आणि हास्यविषय कोण?

बर्गसनने १९०० मध्ये ‘हास्य’ या ग्रंथात हास्याला सामाजिक शिक्षेचे रूप मानले. समूहाच्या रीतीपासून ढळणाऱ्याला समूह हसतो. या दृष्टीने व्हर्जिन अमेरिकेच्या २००७ च्या चित्रफितीतील एका विनोदाकडे पाहावे लागते. आजवर सीट बेल्ट कधीच न वापरलेल्या अत्यल्प प्रवाशांसाठी म्हणून बेल्टची माहिती तेथे दिली जाते. नित्य प्रवास करणारा यावर मनापासून हसतो, कारण त्याच्या कंटाळ्याला मान्यता मिळालेली असते. परंतु ज्याने खरोखरच सीट बेल्ट कधी वापरलेला नाही, त्याचे काय?

भारताच्या संदर्भात हा प्रश्न काल्पनिक नाही. ‘उडान’ योजनेखालील पहिल्या सेवा एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा त्यांत नांदेड–हैदराबाद मार्गाचाही समावेश होता. अशा मार्गांवर पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या प्रवाशाला वरच्या कप्प्यातून मास्क कसा खाली येतो, खुर्चीखालचे जॅकेट कसे ओढायचे, हे कोणीही आधी सांगितलेले नसते. एस.टी.त सीट बेल्ट नसतो आणि असला तरी तो विमानातल्यासारखा पट्टी उचलून सुटत नाही. सुरक्षा-निवेदनाची सर्वाधिक गरज या प्रवाशाला आहे, सर्वाधिक भीतीही त्यालाच आहे. त्याच्या अज्ञानावर बेतलेला विनोद नित्य प्रवाशाची भीती घालवितो ती नवख्याच्या संकोचाच्या मोबदल्यात. संकोचलेला माणूस शेजाऱ्याला विचारत नाही. न विचारलेला प्रश्न आपत्तीच्या वेळी प्राणघातक ठरू शकतो.

भाषेचा मुद्दा याच्याशी निगडित आहे. भारतीय विमानांतील निवेदने प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीत होतात. श्लेषावर किंवा परकीय चित्रपटांच्या संदर्भांवर आधारलेला विनोद दुसरी वा तिसरी भाषा म्हणून ती समजणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. इतर हसत असताना आपल्याला मात्र न समजणे, हा अनुभव भय कमी करणारा नसून एकाकीपण वाढविणारा आहे.

७. मराठी परंपरेची साक्ष

उपदेश आणि हास्य यांची सांगड मराठीला नवी नाही. संत एकनाथांची भारुडे हे तिचे सर्वोत्कृष्ट उदाहरण होय. ‘विंचू चावला’ या भारुडात विंचवाच्या दंशाने तळमळणारे पात्र प्रेक्षकांना हसविते. वेदना आणि भय हास्यविषय झाले आहेत, परंतु तो विंचू म्हणजे काम-क्रोध हा अर्थ त्या हास्यातच गुंतलेला आहे. विंचू काढून टाकला तर उपदेश उरत नाही आणि उपदेश काढून टाकला तर भारूड उरत नाही. शिवाय भारुडाचा प्रयोग करणारा स्वतःला हास्यविषय करतो, श्रोत्याला नाही. अंगभूत विनोदाची ही दोन्ही लक्षणे शेकडो वर्षांपूर्वीच येथे सिद्ध झाली आहेत.

आधुनिक मुंबईतही दोन परस्परविरोधी प्रयोग झाले. वडाळा येथे २००९-१० च्या सुमारास मध्य रेल्वेच्या मार्गावर रूळ ओलांडणाऱ्यांसाठी, गाडीखाली सापडण्याच्या क्षणी भयाने विस्फारलेल्या चेहऱ्याचे छायाचित्रफलक लावण्यात आले. तो शुद्ध भयानकाचा प्रयोग होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने यमराजाच्या वेशातील व्यक्तीला रुळांवर उतरविले. रूळ ओलांडणाऱ्याला खांद्यावर उचलून हा यमराज बाजूला नेत असे. वरवर पाहता हा निव्वळ गमतीचा प्रकार. तथापि त्यातील विसंगती अर्थपूर्ण आहे : ज्याने न्यायला यावे तोच सोडवायला येतो, आणि ‘आज मी सोडतो, उद्या सोडणार नाही’ हा अर्थ न बोलता पोहोचतो. यमाची आकृती भय टिकवून ठेवते, खांद्यावरची वरात ते सोसण्याजोगे करते. शिवाय हा विनोद समजण्यासाठी कोणत्याही एका भाषेची अट नाही.

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसृत केलेली, शास्त्रीय व लोकनृत्यांच्या मुद्रांवर आधारलेली चित्रफीत विनोदी नाही, पण ती येथे तुलनेसाठी घेता येते. जेथे हाताची मुद्रा आणि सूचनेतील कृती एकरूप होते तेथे अभिनय हाच अर्थ होतो. जेथे नृत्य केवळ पार्श्वभूमी असते तेथे तेही आगंतुकच ठरते. म्हणजे दोष विनोदाचा नाही, अंगांगिभाव बिघडण्याचा आहे.

८. औचित्य आणि मर्यादा

क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. विनोदी निवेदनाला हा निकष काटेकोरपणे लावावा लागतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे विमान कोसळले आणि त्यातील २४२ जणांपैकी २४१ मृत्यू पावले. अशा घटनेनंतरच्या दिवसांत त्याच मार्गावरच्या प्रवाशांसमोर आदल्या महिन्यातील विनोद तसाच उच्चारणे अशक्य आहे. विनोदाला अंतर लागते आणि ते अंतर काळानुसार बदलते. हवाई सेविका हे अंतर चेहरे पाहून ओळखते, ध्वनिचित्रमुद्रित संहिता ओळखू शकत नाही.

विनोदावर अवास्तव दोषारोप करणेही योग्य नव्हे. १७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्टच्या विमानाचे इंजिन हवेत फुटले. एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. त्या वेळच्या छायाचित्रात अनेक प्रवाशांनी मास्क फक्त तोंडावर लावलेला, नाक उघडे ठेवलेले दिसते. विनोदी निवेदनांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या विमानात हे घडले म्हणून विनोदाला जबाबदार धरण्याचा मोह होतो, परंतु तसा कार्यकारणसंबंध दाखविता येत नाही. गंभीर निवेदन ऐकलेले प्रवासीही हीच चूक करू शकतात. या छायाचित्रातून एवढेच म्हणता येते की निवेदनाची कोणतीही शैली ‘नाक आणि तोंड दोन्ही’ हा तपशील मनावर ठसविण्यात कमी पडली.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण जपानचे आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानातून सर्व ३७९ जण बाहेर पडले. या कंपनीची चित्रफीत विनोदरहित आहे. सामान घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्यामुळे काय अनर्थ होतो हे ती चित्रित करून दाखविते. म्हणजे ती ‘का’ सांगते. या सुटकेचे श्रेय प्रशिक्षित कर्मचारी व शिस्तबद्ध प्रवासी यांना प्रामुख्याने द्यावे लागेल. तरीही कारण दाखविणारी गंभीर संहिता ही कारण लपविणाऱ्या विनोदी संहितेपेक्षा प्रवाशाचा अधिक आदर करते, हे मान्य करावे लागते.

९. निष्कर्ष

१. सुरक्षा-निवेदनात हास्य आणि भय यांचा विरोध मूलभूत आहे. भयाचा पूर्ण भंग हे विनोदाचे उद्दिष्ट असू शकत नाही. भय सोसण्याजोगे करून श्रोत्याला उपायाकडे वळविणे हे उद्दिष्ट असले पाहिजे.

२. विनोद आठवला की सूचना आठवते का, ही अंगभूत विनोदाची कसोटी होय. मास्कविषयीचा मौखिक विनोद, एकनाथांचे भारूड आणि रुळावरचा यमराज या कसोटीस उतरतात. खर्चिक, तारांकित चित्रफिती बहुधा उतरत नाहीत.

३. चित्रफीत जाहिरात होऊ लागली की तिचा श्रोता बदलतो आणि आसनावरील प्रवासी दुय्यम ठरतो.

४. नवख्या प्रवाशाला हास्यविषय करणारा विनोद सर्वाधिक गरज असलेल्यालाच सूचनेपासून दूर लोटतो. निवेदकाने हसू स्वतःवर ओढून घ्यावे, श्रोत्यावर ढकलू नये.

५. मूळ संहितेतील खरी उणीव गांभीर्याची नसून कारणाची आहे. विनोदाने ते कारण पुरविले तर तो उपकारक ठरतो. कारणाची जागा त्याने अडविली तर तीन मिनिटांचे निवेदन आनंदात संपते आणि प्रवाशाच्या हाती काहीच लागत नाही.

विनोद असावा की नसावा हा वाद म्हणूनच गौण आहे. खुर्चीखाली हात घालून जॅकेट ओढण्याची वेळ खरोखर आली, तर त्या अंधारात त्या प्रवाशाला काय आठवेल, या एकाच प्रश्नाने प्रत्येक विनोदाची परीक्षा व्हावयास हवी.